बाबांचं बीपी आणि रोलर कोस्टर

मुलांनो,

परीक्षा संपत आल्या की मला येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. पंधरा दिवसांपूर्वी "बाई, भूमितीची भीती कशी घालवू?" असं विचारणारी मंडळी आता "बाई, सुट्टीत काय करू?" असं विचारायला लागतात. या वेळच्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र निघालं. तिच्याकडे सुट्टीत इमॅजिकाला जायचा बेत ठरलाय. तिथल्या सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बाबांच्या शेजारी बसायचं, हे तिनं आणि बाबांनी केव्हापासून ठरवून ठेवलंय. पण गेल्या वर्षी बाबांना बीपी निघालं. रोज सकाळी एक गोळी असते. आई म्हणते, "तुम्ही बसायचं नाही." बाबा म्हणतात, "काही होत नाही गं!" आणि आमची मैत्रीण विचारते, "बाई, कोणाचं खरं?"

अगं, आईबाबांच्या वादात बाईंना कशाला ओढतेस! पण प्रश्न मला फार आवडला. कारण असे बाबा, असे काका, असे आजोबा घरोघरी आहेत. आपल्या देशात साधारण चार-पाच मोठ्या माणसांमागे एकाला उच्च रक्तदाब असतो. म्हणजे तुमच्या वर्गातल्या पन्नास मुलांच्या आईबाबांना एका रांगेत उभं केलं, तर त्यात बीपीवाले किती निघतील, याचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हा आजचं पान तुम्ही वाचा आणि वाचून झालं की घरातल्या मोठ्यांच्या हातात द्या.

आधी ती गाडी पाहू. मुंबई-पुण्याच्या वाटेवर, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं. तिथली सर्वांत मोठी रोलर कोस्टर म्हणजे नायट्रो. उंची सुमारे चाळीस मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत ती पाच वेळा तुम्हाला उलटं करते आणि पायाखाली फळीसुद्धा नसते, पाय आपले हवेत लोंबकळत! गंमत म्हणजे या गाडीला इंजिन नसतं. एक साखळी तिला कटकट आवाज करत उंच टोकाला ओढून नेते आणि तिथून सोडून देते. पुढचा सगळा प्रवास नुसत्या गुरुत्वाकर्षणावर. घसरगुंडीवरून तुम्ही खाली येता, तसाच. फक्त ही घसरगुंडी फार मोठी.

ती जेव्हा वेगानं खाली येऊन एकदम वर वळते, तेव्हा आपण जागेवर दाबले जातो. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये वजन तिप्पट-चौपट झाल्यासारखं वाटू शकतं. तुमचं वजन ३० किलो असेल, तर त्या क्षणी ते ९० किंवा १२० किलो असल्यासारखं! अंगातलं रक्तही तेवढंच जड होतं आणि पायांकडे ओढलं जातं. ते मेंदूपर्यंत वर चढवायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पुढच्याच क्षणी गाडी टेकाडावरून जाते, आपण जागेवरून उचलले जातो, पोटात गोळा येतो आणि रक्त उलट्या दिशेनं धावतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत अनेकदा.

फार पूर्वी हे गणित लोकांना नीट जमलं नव्हतं. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंड नावाची जागा आहे. तिथे १८९५ साली एक उलटी फिरणारी रोलर कोस्टर बांधली होती, नाव 'फ्लिप फ्लॅप'. तिचा फेरा बांगडीसारखा अगदी गोल होता. त्यामुळे फेऱ्यात शिरताना असा काही हिसका बसायचा, की लोकांच्या माना दुखावायच्या. लोक बसण्याऐवजी बाहेर उभे राहून पाहणंच पसंत करायचे म्हणे! आजच्या रोलर कोस्टरचा फेरा नीट पाहा. तो पाण्याच्या थेंबासारखा असतो, वर निमुळता आणि खाली पसरट. त्यामुळे हिसका कमी होतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात असा थेंबाचा फेरा असलेली पोलादी रोलर कोस्टर आली आणि मग जगभर तेच रूप पसरलं. निरोगी माणसाला सोसेल एवढाच जोर लागावा, असा हिशेब करूनच या गाड्या बांधतात. 'निरोगी' हा शब्द मात्र लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता बीपी. दवाखान्यात डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, फुगवतात आणि "एकशेवीस-ऐंशी" असं काहीतरी म्हणतात. हे आकडे कशाचे? पूर्वी त्या यंत्रात पाऱ्याची नळी असायची. रक्ताचा दाब पाऱ्याला किती मिलिमीटर वर ढकलू शकतो, तो हा आकडा. हृदय आकसून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा वरचा, आणि दोन ठोक्यांच्या मधे विसावतं तेव्हाचा खालचा. हल्लीच्या यंत्रात बहुधा पारा नसतो, पण आकडा अजून पाऱ्याचाच सांगतात.

पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जास्त जड असतो. म्हणून नळीत पाऱ्याऐवजी पाणी भरलं, तर १२० चा दाब त्या पाण्याला सुमारे १६३ सेंटिमीटर वर चढवेल. म्हणजे तुमच्या डोक्याच्याही वर! आणि १८० चा दाब असेल, तर जवळजवळ अडीच मीटर, आठ फूट. घराच्या छताला एखाद-दोन फूट कमी. हा दाब आपल्या अंगातल्या नळ्या दिवसरात्र सोसत असतात. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या एका पाद्र्यानं घोडीच्या रक्तवाहिनीला खरोखरच उंच काचेची नळी जोडून हे पाहिलं होतं. रक्त आठ फुटांच्या वर चढलं. त्यानं ते १७३३ साली पुस्तकात छापलं. बिचारी घोडी! सुदैवानं १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा शोधला आणि आपली त्या नळीतून सुटका झाली.

मोठ्या माणसाचा दाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त येत राहिला, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. लबाडी अशी, की बहुतेकांना त्याचं काहीच जाणवत नाही. ना दुखतं, ना खुपतं. जगात शंभर कोटींहून जास्त लोकांना हा त्रास आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचं माहीतही नाही. म्हणून "मला काही होत नाही" हे बाबांचं वाक्य प्रामाणिक असतं, पण पुरावा म्हणून चालत नाही.

रोलर कोस्टर या दाबाचं काय करते? स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९८८ साली बागांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या रोलर कोस्टरमध्ये डॉक्टरांनी काही निरोगी माणसांना छातीवर यंत्र लावून बसवलं. आधी त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ७० होते. गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात ते १५३ झाले! दुपटीहून जास्त, आणि तेही नुसतं बसून, न पळता. पुढे जर्मनीतल्या मानहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी लोकांवर अशीच चाचणी केली आणि २००५ साली निष्कर्ष जाहीर केले. तिथेही ठोके ९० च्या आसपासवरून दीडशेच्या वर गेले. काहींच्या ठोक्यांची लय थोडा वेळ चुकलेली दिसली. निरोगी माणसांना यात काळजीचं कारण नाही, पण ज्यांना उच्च रक्तदाब आहे, ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय किंवा ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय, त्यांनी अशा गाडीत बसू नये, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं.

यात भीतीचा वाटा मोठा असतो. साखळी कटकटत वर चढते ना, तेव्हाच शरीर तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात उतरतं, हृदय धावू लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वर जातो. वाघ मागे लागल्यावर जे होईल, तेच. तुमच्या लवचीक रक्तवाहिन्या नव्या रबरी नळीसारख्या असतात. थोड्या ताणल्या, पुन्हा जागेवर. बरीच वर्षं जास्त दाब सोसलेल्या रक्तवाहिन्या उन्हात पडून कडक झालेल्या जुन्या नळीसारख्या. नळ एकदम पूर्ण सोडला, की कुठं काय होईल सांगता येत नाही. बहुतेक वेळा डोकं ठणकतं, चक्कर येते, तेवढंच. क्वचित मेंदूतली रक्तवाहिनी फुटते किंवा हृदय गडबडतं. क्वचितच हं, घाबरू नका. पण घडलं तर ते भरून न येणारं असतं, म्हणून ही सगळी उठाठेव.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीची सहल एका मोठ्या करमणूक उद्यानात गेली होती. पहाटे पाचला बस. आम्ही रोलर कोस्टरच्या रांगेत उभे होतो. आमच्यातले एक काका फलकापाशी थांबले, त्यांनी तो वाचला आणि हळूच रांगेतून बाहेर पडले. झालं! मागच्या पोरांनी एकच गिल्ला केला. "काका घाबरले! काका घाबरले!" त्यात त्यांचा स्वतःचा मुलगाही होता, आठवीतला. काका हसले, थोडे ओशाळले आणि परत रांगेत येऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोनं "अहो..." म्हणेपर्यंत दांडी खाली आली होती.

खाली उतरले तेव्हा काकांचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. डोकं गच्च धरून ते कठड्यावर बसले. प्रथमोपचाराच्या खोलीत दाब मोजला, तर वरचा आकडा १८० च्या पुढे. नर्सताईंनी विचारलं, "सकाळची गोळी घेतली होती?" काका गप्प. गोळी ते न्याहारीनंतर घेत. पहाटे निघायच्या गडबडीत न्याहारी राहिली, तशी गोळीही राहिली. ती घरी कपाटातच होती. मग डॉक्टरांना फोन झाला आणि काकांना गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत दाब उतरला, सगळं ठीक झालं. पण तो मुलगा दिवसभर बाकावर पाण्याची बाटली मांडीवर धरून बसून राहिला. एकाही पाळण्यात गेला नाही. त्याला कोणी बोललंही नाही, बोलायची गरजच नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं तुम्हा मुलांना आहे. रांगेतून कोणी बाहेर पडलं, मोठं असो की लहान, तर त्याला वाट द्या. "का?" असंही विचारू नका. प्रत्येकाला आपलं दुखणं चारचौघांत सांगायचं नसतं. आणि "घाबरट" हा शब्द तर त्या दिवसापुरता घरीच ठेवून या.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. कोणाचं खरं? सर्वांत मोठ्या राइडपुरतं तरी मी आईच्या बाजूची. कारण अशा राइडच्या तोंडाशी फलक असतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठ-मानेचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी बसू नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. फलकावर उच्च रक्तदाबाचं नाव असेल तर विषय संपला. "माझं कंट्रोलमध्ये आहे हो," असं म्हणून तिथल्या दादांशी हुज्जत घालू नये. त्यांनी तुमच्या बाबांचे कागद पाहिलेले नसतात आणि ते पाहायचं त्यांचं कामही नाही. उंचीच्या पट्टीखाली तुमचं डोकं दोन बोटं कमी पडलं, तर ते तुम्हाला सोडतात का? मग बाबांनाच वेगळा न्याय का?

मग बाबांनी दिवसभर पिशव्याच सांभाळायच्या? मुळीच नाही! उद्यानात वीस-पंचवीस प्रकार असतात. हळू फिरणारे, पाण्यातले, अंधाऱ्या बोगद्यातून जाणारे, छोट्या मुलांच्या गाड्या. यातलं बाबांना काय चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं. तेही नीट विचारायचं. "आम्ही पार्कमध्ये चाललोय, जाऊ ना?" असं विचारलं, तर डॉक्टर म्हणणार, "जा की, फिरून या!" त्यापेक्षा राइड कशी आहे ते सांगा. किती उंच, किती वेगवान, उलटी होते का, एकदम खाली सोडते का. गेल्या एक-दोन महिन्यांतले बीपीचे आकडे एका कागदावर लिहून न्या. नुकतीच गोळी बदलली असेल, आकडे अजून वरखाली होत असतील, साखरेचा किंवा हृदयाचा त्रास जोडीला असेल, तर डॉक्टर बहुधा थांबा म्हणतील. आकडे बरेच दिवस ताब्यात असतील, तर कदाचित मध्यम राइडला हो म्हणतील. हा निर्णय घरी, शांतपणे झालेला बरा. रांगेत उभं राहिल्यावर गाणी वाजत असतात, लेक हात ओढत असते, मागे पन्नास माणसं असतात. तिथे कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

आणि पालकांनो, त्या दिवशी गोळी चुकवू नका. बस पहाटेची असेल तर गोळी आणि न्याहारीचा डबा रात्रीच पिशवीत भरा. "आज फिरायला जायचंय" म्हणून स्वतःच्या मनानं दोन गोळ्याही घेऊ नका. काही गोळ्यांनी एकदम उठल्यावर चक्कर येते, म्हणून राइड थांबली की क्षणभर बसून मग उठा. एप्रिल-मे मधलं ऊन आणि कमी पाणी यांनीही गरगरतं, तेव्हा भर दुपारी सावलीत बसा. वेफर्स आणि फरसाणाची पाकिटं मुलांनाच खाऊ द्या, त्यात मीठ फार. (मुलांनो, तुम्हीही एकच पाकीट हं!) सुरुवात लहान राइडनं करा. डोकं जड वाटलं, छातीत धडधड थांबेना, तर त्या दिवसापुरतं पुरे.

मुलांपैकीही कोणाला मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असतो, कोणाला बीपी असतं. मुलांचं बीपी वय आणि उंची पाहून ठरवतात, मोठ्यांचे आकडे त्यांना लागू नाहीत. त्यांनीही बाबांसारखंच, आधी डॉक्टर मग तिकीट.

इमॅजिकाचं झालं, पण सगळे तिथे कुठे जातात? जत्रेत आकाशपाळणा असतो, दोन्हीकडे झुलणारं ते मोठं जहाज असतं, हल्ली छोटी रोलर कोस्टरही येते. जत्रेत फलक बहुधा नसतो. असला तर त्यावर तिकिटाचे दर असतात! तुमच्या आईबाबांना गोराईचं एस्सेलवर्ल्ड आठवत असेल. १९८९ साली सुरू झालेलं ते उद्यान २०२२ साली बंद झालं. पण जत्रा चालूच आहेत. तिथे विचारणारं कोणी नसतं, म्हणून घरच्यांनीच आपल्याला विचारायचं. शिवाय तिथला पाळणा मधेच वर थांबला, तर उतरताही येत नाही. आजोबांना नातवंडांच्या हौसेखातर वर चढवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणखी एक महत्त्वाचं. राइडनंतर कोणाच्या छातीत दुखू लागलं, दम लागला, बोलताना जीभ अडखळली, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखू लागलं, तर "थोडं बसलं की बरं वाटेल" असं म्हणत वेळ घालवायचा नाही. जवळच्या कर्मचाऱ्याला ओरडून सांगायचं, प्रथमोपचाराची माणसं बोलवायची. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. हे तुम्ही मुलंही करू शकता. १०८ पाठ करून ठेवा, पाढ्यांपेक्षा सोपा आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि नाडीचे ठोके १५ सेकंद मोजा. त्याला ४ नं गुणा. शांत बसून एकदा मोजा, मग जिना चढउतार करून एकदा. त्यानंतर कितव्या मिनिटाला आकडा परत जागेवर येतो, तेही लिहा. अंगठ्यानं मोजू नका, त्याला स्वतःची नाडी असते, घोळ होतो. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला मात्र वेगळा अभ्यास. तू मावसबहिणीबरोबर नायट्रोत बस. निघताना बाबांनी तुझे ठोके मोजायचे आणि उतरल्या उतरल्या पुन्हा. ग्लासगोच्या १५३ च्या पुढे गेलीस का, ते मला पोस्टकार्डावर कळव. वहीत बाबांचेही ठोके लिही. लेक वर चाळीस मीटरवर असताना खाली उभ्या असलेल्या बाबांचे ठोके किती होतात, हे मलाही पाहायचंय!

तुमची,
बाई